प्रदर्शनाची समीक्षा अंतर्गत गुणांसाठी कशी घ्यावी

कला शाखेचा वर्ग संग्रहालयात नेला की परत आल्यावर अहवाल मागायचा, ही जुनी रीत. त्या अहवालाचा पहिला परिच्छेद न वाचताच सांगता येतो: सकाळी किती वाजता निघालो, गाडी कुठे थांबली, नाश्त्याला काय होतं. शेवटचाही ठरलेला, ‘आमच्या ज्ञानात मोलाची भर पडली.’ मधला मजकूर फलकांवरून उतरवलेला. असे साठ अहवाल तपासून सगळ्यांना वीसपैकी चौदा ते सतराच्या मध्ये बसवलं, की कोण काय शिकलं हे शेवटपर्यंत कळत नाही.

त्याऐवजी समीक्षा मागा. शिक्षणशास्त्रात ग्रँट विगिन्स यांनी १९८९-९०च्या सुमारास ज्या ‘अस्सल मूल्यमापना’चा आग्रह धरला, त्याचा गाभा साधा आहे: परीक्षेतलं काम बाहेरच्या जगात कोणीतरी खरोखर करत असलेल्या कामासारखं असावं. प्रदर्शनाची समीक्षा तशी आहे. ती लिहायला पाहावं लागतं, निवडावं लागतं, मत ठरवावं लागतं आणि त्या मताला पुरावा द्यावा लागतो. मात्र ‘अहवाल लिहा’ऐवजी ‘समीक्षा लिहा’ एवढाच बदल केला, तर तोच अहवाल नव्या शीर्षकाखाली हातात येतो. तयारी आधीपासून करावी लागते. त्यातली पहिली गोष्ट वर्गाच्या डोक्यात पक्की बसवायची: समीक्षा वस्तूची नसते, मांडणीची असते. तलवार किती थोर, हा आपला विषय नाही. ती कुठे ठेवली आहे, शेजारी काय आहे, फलक काय सांगतो आणि काय गाळतो, हा विषय आहे.

सराव कॉलेजातच

थेट संग्रहालयात नेऊ नका. बहुतेक कॉलेजांत प्राचार्यांच्या केबिनबाहेर ढाली-करंडकांचं काचेचं कपाट असतं. सरावाला ते पुरेसं आहे, आणि तिकीटही नाही. पंधरा-पंधरा जणांचे गट करून वीस मिनिटं कपाटासमोर उभं करा आणि चारच प्रश्न द्या. डोळ्यांच्या उंचीवर काय आहे? सगळ्यात खाली किंवा मागे काय गेलंय? प्रत्येक वस्तूबरोबर काय लिहिलंय: खेळाडूचं नाव, वर्ष, की नुसतं देणाऱ्याचं नाव? आणि इथे काय असायला हवं होतं, पण नाही?

उत्तरं लगेच येत नाहीत. पहिली पाच मिनिटं मुलं करंडक मोजतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं, की ढालीवर पुरस्कर्त्याचं नाव ठळक कोरलंय आणि जिंकणाऱ्या संघाचं नावच नाही. किंवा मुलींच्या खो-खोचा चषक क्रिकेटच्या मोठ्या करंडकामागे अर्धा झाकलाय. हे दिसलं, की मांडणी बोलते म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. त्याच तासाला प्रत्येकाकडून दीडशे शब्द लिहून घ्या. गुण देऊ नका. दोन उतारे मोठ्याने वाचा, एक कच्चा आणि एक बरा.

कच्चा साधारण असा येतो: ‘कॉलेजच्या क्रीडा परंपरेचा समृद्ध वारसा या कपाटातून दिसतो. सर्व करंडक अतिशय सुंदर रीतीने मांडलेले आहेत.’ बरा असा: ‘वरच्या दोन फळ्यांवर सात करंडक आहेत आणि सातही क्रिकेटचे. खो-खोचा एकच चषक तिसऱ्या फळीवर मागच्या रांगेत आहे. वाकल्याशिवाय त्यावरचं वर्ष वाचता येत नाही. कपाट उंचीनुसार लावलं असेल, पण पाहणाऱ्याच्या मनात ती खेळांची प्रतवारी होऊन बसते.’ दुसऱ्या उताऱ्यात मोजणी आहे, जागा आहे, स्वतःचं शरीर आहे (‘वाकल्याशिवाय’) आणि मांडणाऱ्याला शंकेचा फायदाही दिलाय. फळ्यावर हे चार मुद्दे लिहून ठेवा. पुढे गुणही यांनाच द्यायचे आहेत.

याच तासाला काही शब्द बंद करून टाका: अप्रतिम, डोळ्यांचे पारणे फिटले, समृद्ध वारसा, उत्स्फूर्त प्रतिसाद, मोलाची भर. मुलं हे शब्द आळसाने वापरत नाहीत. प्रदर्शनाविषयी त्यांनी वाचलेलं मराठी बहुतेक उद्घाटनाच्या बातमीचंच असतं, अमुक यांच्या हस्ते, तमुक यांच्या उपस्थितीत. दुसरा नमुना त्यांच्यासमोर आलेलाच नसतो.

फलक आणि क्रियापद

सातारा जिल्ह्यात शिकवणाऱ्याला फलकांच्या सरावासाठी आयतं उदाहरण मिळालेलं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. या वस्तूचा इतिहास पुराव्याच्या तासासाठी मुद्दाम रचल्यासारखा आहे. ती जेम्स ग्रँट डफकडे होती. हा डफ १८१८ नंतर साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. सोबतच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो, की शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारलं ती ही वाघनखं, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली. अफजलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. म्हणजे पेटीवरच्या मजकुरातच उघड चूक आहे. शिवाय १६५९च्या अफजलखान वधापासून डफपर्यंत दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर पडतं, आणि ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं लंडनचं संग्रहालय स्वतःच नोंदवतं.

एवढी माहिती वर्गाला द्या आणि प्रत्येकाला चाळीस शब्दांचा फलक लिहायला सांगा. नियम दोन: माहीत आहे त्यापेक्षा जास्त म्हणायचं नाही, आणि शंका लपवायची नाही. मग फळ्यावर तीन क्रियापदं एकाखाली एक लिहा: ‘वापरलेली’, ‘वापरली असं मानलं जातं’, ‘वापरली म्हणून एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाणारी’. तिन्हींमधला फरक मुलांनीच सांगायचा. दुसरं पळवाट काढतं: मानतं कोण, कधीपासून, हे सांगतच नाही. तिसरं लांबलचक असलं तरी प्रामाणिक आहे. हा सराव झालेला विद्यार्थी पुढे कुठल्याही फलकापुढे उभा राहिला, की आधी क्रियापद पाहतो.

इथे एक अडचण येणारच, ती आधीच हाताळा. आपल्याकडे महाराजांशी जोडलेल्या वस्तूवर प्रश्न विचारला, की तो महाराजांवरच विचारला असं काहींना वाटतं, आणि वर्ग एकदम गप्प होतो. तासाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं: आपण पेटीवर इंग्रजीत कोणी काय लिहिलं ते तपासतोय, प्रतापगडावर काय घडलं तो इथे वादाचा विषय नाही. हे एक वाक्य बोललं नाही, तर तीस जण श्रद्धेचा निबंध लिहितात, चार जण उगाच भडक लिहितात, आणि दोन्हींत निरीक्षण नसतं.

जागा निवडताना

सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय या कामाला फार चांगलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर हे संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांपासून इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या दगडी माता-बालक शिल्पापर्यंत एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर उभा असलेला हा संग्रह आहे. त्यामुळे ‘हे सगळं एकत्र का?’ हा प्रश्न तिथे नैसर्गिकपणे पडतो. मूरचं शिल्प लहान आहे. आधी सांगितलं नाही, तर अर्धा वर्ग त्याच्याजवळून निघून जातो. खरं तर आधी सांगू नयेच. परतल्यावर विचारावं, ते कोणाकोणाला दिसलं आणि इतरांना का दिसलं नाही. त्यावर मांडणीबद्दलची अर्ध्या तासाची चांगली चर्चा होते.

सांगलीकरांना गावातलं संग्रहालय जवळचं. पण संग्रहालयच हवं असं नाही. कोणीतरी ठरवून मांडलेलं आणि लोकांना दाखवायला ठेवलेलं काहीही चालतं. गणेशोत्सवातले देखावे हे या भागातलं सगळ्यात जास्त पाहिलं जाणारं प्रदर्शन, आणि पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात ते बरोबर बसतं. फक्त आपल्याच मंडळाच्या देखाव्यावर लिहायला बंदी ठेवा. हुतात्मा स्मारकंही उत्तम. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ला झालेला गोळीबार, इस्लामपूरचा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पुढे नाना पाटलांचं प्रतिसरकार: या इतिहासाची आठवण गावोगाव दगडावर कोरलेली आहे. नावांचा क्रम कशाने लावलाय, वय-गाव दिलंय का, आणि ज्या चळवळीत हौसाबाई पाटलांसारख्या स्त्रिया होत्या तिच्या स्मारकावर स्त्रिया कुठे आहेत, हे विचारायला कुठलंही पुस्तक उघडावं लागत नाही.

मिरजेची तंतुवाद्यांची दुकानं बऱ्याच जणांना सुचतात. सतार-तंबोरा बनताना पाहणं मोलाचं आहे, पण कारखाना म्हणजे प्रदर्शन नव्हे. तिथे क्षेत्रभेटीचा अहवालच घ्या. देवळाच्या भिंतीला टेकवलेल्या वीरगळांचं तसंच: कोणीतरी ओळीने लावून नावं घातली असतील तर समीक्षा, नुसते पडून असतील तर सर्वेक्षण.

पर्याय दोन-तीन हवेतच. साताऱ्याहून औंधला जाऊन यायला दिवस जातो. दुपारच्या पाळीला एमआयडीसीत जाणारी मुलं आणि गावाकडची शेवटची एसटी पाचला गाठायची असते त्या मुली, यांना ते जमत नाही. गावातल्या स्मारकावर लिहिलेल्या समीक्षेला औंधइतकेच गुण मिळतील, हे लेखी द्या. नाहीतर ज्याच्याकडे गाडीभाडं त्याला गुण, असा हिशेब होतो. चढ-पायऱ्या ज्यांना झेपत नाहीत त्यांनाही पर्याय तुम्हीच आधी सुचवा. त्यांना मागायला लावू नका.

भेटीचा दिवस

संग्रहालयाला निदान पंधरा दिवस आधी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या: तारीख, वेळ, विद्यार्थिसंख्या, सोबतचे शिक्षक, छायाचित्रणाची परवानगी. साप्ताहिक सुट्टी फोनवर विचारून घ्या. नकाशाच्या ॲपवरच्या वेळेवर विसंबून साठ जणांना घेऊन बंद दारासमोर उभं राहायची वेळ येते. पेन नको, पेन्सिली न्यायला सांगा. बऱ्याच ठिकाणी शाई चालत नाही, आणि चालली तरी काचेवर वही टेकवून लिहिणारा एक जण असतोच.

साठ जण एकदम दालनात गेले, की कोणालाच काही दिसत नाही; पुढच्याची पाठ तेवढी दिसते. बारा ते पंधराच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीला वेगळं दालन द्या. एका तुकडीला नव्वद मिनिटं लागतात. पहिली दहा मिनिटं वही बंद, मोबाइल खिशात, नुसतं दालनभर फिरायचं. मग पंधरा मिनिटं दालनाचा कच्चा आराखडा: दार कुठे, उजेड कुठून येतो, कुठली काचपेटी कुठे, आपण कुठल्या बाजूने फिरलो त्याचा बाण. मग तीनच वस्तू निवडून प्रत्येकीपुढे पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं एका वस्तूसमोर उभं राहणं मुलांना शिक्षा वाटते, आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. खरं पाहणं त्यानंतर सुरू होतं, म्हणून वेळ कमी करू नका. उरलेल्या वीस मिनिटांत फलक शब्दशः उतरवायचे, पण फक्त त्या तीन वस्तूंचे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही फलक असतील तर दोन्ही. त्यांच्यात तफावत असेल, तर ती समीक्षेतली सोन्याची खाण.

एक नोंद इतर पाहुण्यांचीही ठेवायला सांगा: दहा मिनिटांत एका काचपेटीपाशी किती जण थांबले, साधारण किती वेळ. लोकांचे फोटो काढायचे नाहीत, नावं विचारायची नाहीत.

दालनातून बाहेर पडताना प्रत्येक वहीत शेवटच्या ओळीखाली शिक्षकाने सही, तारीख आणि वेळ टाकायची, आणि ती पानं आपल्या मोबाइलवर टिपून ठेवायची. साठ वह्यांना वीसेक मिनिटं जातात, पण याच्याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही. गाडीत बसल्यावर एकाच्या वहीचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांची निरीक्षणं सारखी होतात. सही आधी झाली असेल, तर त्याचा फायदा कोणालाच होत नाही.

लेखन

शब्दमर्यादा आठशे ते हजार. भेटीनंतर चार दिवसांत पहिला खर्डा घ्या. त्यापेक्षा उशीर झाला, तर पाहिलेलं विसरतं आणि इंटरनेटवरचं शिरतं. ‘प्रदर्शनाची समीक्षा करा’ असा प्रश्न देऊ नका. विषयानुसार अरुंद प्रश्न द्या. इतिहासाला: या दालनातले फलक पुराव्याबद्दल किती सांगतात? मराठीच्या वर्गाला: फलकाची भाषा कोणाशी बोलते, शाळकरी मुलाशी, अभ्यासकाशी, की साहेबाच्या फायलीशी? समाजशास्त्राला: या वस्तू कोणी बनवल्या, वापरल्या, दान केल्या, आणि यातल्या कोणाचं नाव फलकावर आलं? राज्यशास्त्राला स्मारकं आणि देखावे जास्त चांगले.

पहिल्या खर्ड्यात तारीख-वेळ-प्रवास येणारच. त्यावर लाल शाईने पानभर शेरे मारू नका. पहिला परिच्छेद सरळ खोडायला सांगा. दहापैकी आठ खर्ड्यांत खरी सुरुवात दुसऱ्या परिच्छेदातच सापडते. दुसरी नेहमीची चूक उलटी: समीक्षा म्हणजे दोष काढणं असं समजून धूळ, पंखे, अस्वच्छ प्रसाधनगृह यांची यादी. ती तक्रारवहीत शोभते. उजेड कमी आहे म्हणून फलक वाचता येत नाही, हे समीक्षेत येऊ शकतं. पाण्याचा नळ बंद होता, हे नाही.

प्रत्येक खर्ड्यावर शिक्षकाने एकच प्रश्न लिहून परत द्यावा, आठवड्याने अंतिम प्रत घ्यावी. अंतिम प्रतीसोबत खर्डा आणि वही जोडणं सक्तीचं. चॅटजीपीटीने लिहिलेला मजकूर ओळखून देणाऱ्या साधनांच्या भरवशावर कोणाला दोषी ठरवू नका, ती सर्रास चुकतात. त्याऐवजी वहीतला आराखडा समोर ठेवून तीन मिनिटं तोंडी विचारा: ‘ही पेटी दाराच्या कुठल्या अंगाला होती? तू तिच्यापर्यंत कसा गेलास?’ जो गेला होता, त्याचा हात आपोआप दिशा दाखवायला उठतो.

गुण

वीस गुणांचं वाटप असं ठेवता येतं: वही पाच, निरीक्षण आणि पुरावा सहा, युक्तिवाद पाच, तोंडी दोन, भाषा दोन. भाषेला दोनच गुण पाहून मराठीचे सहकारी नाराज होतील. पण भाषेला पाच दिले, की इंग्रजी माध्यमातून आलेला चांगला निरीक्षक मागे पडतो आणि सराईत निबंधवाला पुढे जातो. मराठीच्याच वर्गात हवे तर तोंडीचे दोन भाषेकडे वळवा.

‘निरीक्षण आणि पुरावा’ या सहा गुणांचा अर्थ आधीच छापून वाटा. एक-दोन: विधानं आहेत, जागा-संख्या नाहीत. तीन-चार: वस्तू आणि फलक नेमके सांगितलेत, पण मताशी जोडलेले नाहीत. पाच-सहा: प्रत्येक मताखाली दालनात जाऊन पडताळता येईल असं काहीतरी आहे. युक्तिवादात एकच गोष्ट बघा: मांडणाऱ्याने असं का केलं असेल, याचा विचार झालाय का. जागेची अडचण, पैशांची अडचण, जुन्या काळची रीत, यांतलं काहीही चालेल. तो नसेल, तर पाचपैकी तीनच्या वर जाऊ नका.

एका समीक्षेला वहीसकट बारा मिनिटं धरली, तर साठ समीक्षांना बारा तास लागतात, आणि तोंडीचे तीन तास वेगळे. दोन शिक्षक असतील, तर आधी त्याच पाच समीक्षा दोघांनी स्वतंत्र तपासा. तीन गुणांपेक्षा जास्त फरक आला, तर बसून बोला, मगच उरलेल्या वाटून घ्या. एकट्याने तपासत असाल, तर पहिल्या पाच शेवटी पुन्हा पाहा. सुरुवातीच्या समीक्षांना हात आखडता असतो, शेवटच्यांना सढळ.

लिहिलेलं कोणी वाचणार नसेल, तर सगळा खटाटोप पुन्हा परीक्षेपुरताच उरतो. चांगल्या चार-पाच समीक्षा विद्यार्थ्यांच्या संमतीने भित्तिपत्रकात आणि वार्षिक अंकात लावा, आणि त्यांची प्रत संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पाठवा. सगळ्या साठ पाठवू नका, कोणी वाचणार नाही. पाठवताना सोबत एका पानावर नेमक्या सूचना वेगळ्या काढून द्या: कुठल्या फलकावर कुठला शब्द चुकलाय, कुठला फलक किती उंचीवर आहे. अपुऱ्या माणसांत काम करणाऱ्या कार्यालयाला मतापेक्षा असं पान उपयोगी पडतं. उत्तर आलं, तर ते वर्गात वाचून दाखवा, त्यात ‘तुमचं म्हणणं चूक आहे’ असं असलं तरी. किंबहुना तसं असेल तर जरूर.

वह्या आणि खर्डे निकालानंतर पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंत कपाटात कुलपात ठेवा. त्यातल्या एक उत्तम, एक मध्यम, एक कच्ची अशा तीन समीक्षांच्या प्रती नावं झाकून नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायलीत लावा. पुढच्या वर्षी पहिल्या तासाला वर्गापुढे ठेवायलाही याच कामाला येतात.